ध्वनी नसलेल्या भाषेचं ध्वनिशास्त्र

शाळेत असताना करंगळी वर केली की बाईंना काय ते कळायचं. बोलावं लागत नसे. आता मला सांगा, ही ‘खुणांची भाषा’ झाली का?

माझ्या पीएच.डी.चा विषय ऐकला की दहातले आठ जण हेच उदाहरण देतात. ‘म्हणजे आपण हातवारे करतो तसंच ना?’ पूर्वी मला राग यायचा. आता येत नाही, कारण 1955 साली अमेरिकेतल्या बहुतेक भाषाशास्त्रज्ञांचं मतही जवळपास हेच होतं. हे मत बदललं कसं, याची गोष्ट आज सांगते.

आधी थोडं मागे जाऊ. 1880 साली मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथं जमलेल्यांत स्वतः कर्णबधिर असलेले जवळजवळ कुणीच नव्हते. ठराव झाला की मुलांना ओठ वाचून आणि तोंडानं बोलूनच शिकवायचं, खुणा बंद. त्यानंतर कित्येक देशांतल्या शाळांमध्ये मुलांनी खुणा केल्या की हातांवर मार बसू लागला. भाषाशास्त्रानंही यात आडकाठी केली नाही. ब्लूमफील्डनं 1933 सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात खुणांच्या भाषांना बोलीवरून तयार झालेली दुय्यम गोष्ट मानलं होतं. झालं, विषय संपला.

वॉशिंग्टनमधल्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात 1955 साली इंग्रजीचे विभागप्रमुख म्हणून विल्यम स्टोकी रुजू झाले. (स्पेलिंग बघून लोक ‘स्टोको’ म्हणतात, उच्चार ‘स्टोकी’.) माणूस मध्ययुगीन इंग्रजीचा अभ्यासक, चॉसर वगैरे वाचणारा. खुणांची भाषा त्यांना येत नव्हती, पुढेही फार सफाईनं आली नाही असं त्यांना ओळखणारे सांगत. पण विद्यार्थी आपापसात बोलताना ते बघत राहिले आणि त्यांना एक शंका आली: हे लोक चित्रं काढत नाहीयेत, हे शब्द जुळवतायत.

आता ‘शब्द जुळवणं’ म्हणजे काय, ते नीट बघू, कारण सगळी गंमत इथंच आहे. ‘पाट’ आणि ‘पाठ’ घ्या. फरक फक्त ‘ट’ आणि ‘ठ’चा. ‘ट’ला स्वतःचा काही अर्थ नाही, ‘ठ’लाही नाही, पण एकाच्या जागी दुसरा आला की बसायच्या पाटाची पाठ होते. असे अर्थहीन पण अर्थभेद करणारे तुकडे म्हणजे स्वनिम. मूठभर स्वनिमांतून हजारो शब्द तयार होतात. करंगळीच्या खुणेला असे तुकडे नाहीत. ती आख्खी एकच खूण आहे.

मग अमेरिकन खुणांच्या भाषेतली एक खूण करून बघा. खरंच करा, घरात कोणी बघत नाहीये. तर्जनी सरळ धरा आणि कपाळासमोरून आडवी ओढता ओढता आकडीसारखी वाकवा. हा झाला ‘उन्हाळा’. तुम्ही लगेच म्हणाल, घाम पुसला! बरं. आता तेच बोट, तीच हालचाल नाकाशी करा: ‘कुरूप’. हनुवटीशी करा: ‘कोरडं’. आता घामाचं काय करायचं? बोट तेच, ओढणं तेच, बदलली ती फक्त जागा. पाट आणि पाठ!

1957च्या उन्हाळ्यात बफेलोला जाऊन जॉर्ज ट्रेगर आणि हेन्री ली स्मिथ या भाषाशास्त्रज्ञांकडे स्टोकी शिकले. मग 1960 साली त्यांची एक छोटी पुस्तिका निघाली. तिचं म्हणणं असं की प्रत्येक खूण तीन गोष्टींची बनते: ती कुठं होते, हाताचा आकार कोणता, आणि हालचाल कशी. या तुकड्यांना त्यांनी ‘हात’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘केरीम’ असं नाव दिलं. ते टिकलं नाही. आज आम्ही सरळ स्वनिमच म्हणतो.

इथं मला नेहमी आपल्याकडचे प्रातिशाख्यकार आठवतात. उच्चार सांगताना ते विचारत: स्थान कोणतं, करण कोणतं, प्रयत्न कसा? ‘त’चं स्थान दात, करण जिभेचं टोक. स्टोकींचे तीन प्रश्न जवळजवळ हेच आहेत, फक्त तोंडाच्या जागी हात. त्यांनी ते इथून घेतले असं मी म्हणत नाही. पण वर्णमाला तोंडातल्या जागेनुसार लावून पाठ केलेल्या आपल्याला ही कल्पना परकी वाटू नये.

योगायोग बघा. त्याच 1960 साली चार्ल्स हॉकेट या नामवंत भाषाशास्त्रज्ञाचा भाषेच्या तेरा लक्षणांवरचा लेख आला. त्यात पहिलंच लक्षण होतं तोंडानं बोलणं आणि कानानं ऐकणं. अर्थहीन तुकड्यांतून अर्थपूर्ण शब्द बनणं हेही त्याच यादीत होतं. स्टोकींनी दाखवलेल्या भाषेत हे दुसरं लक्षण होतं आणि पहिलं नव्हतं.

स्वागत झालं म्हणता? छे. गॅलॉडेटमध्येच थट्टा झाली. जास्त बोचतं ते हे, की नाकं मुरडणाऱ्यांत कर्णबधिर प्राध्यापकही होते. आयुष्यभर ‘तुमची ती मोडकीतोडकी इंग्रजी’ हेच ऐकल्यावर माणूस आपल्याच हातांना अशुद्ध मानू लागतो. आपल्या गावची बोली मुलाखतीला जाताना घरी ठेवून जाणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

1965 साली कोश आला. त्यावर तीन नावं आहेत, पण बहुतेक ठिकाणी एकच सांगितलं जातं. डोरोथी कॅस्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग हे दोघंही कर्णबधिर. कॅस्टरलाइननी खुणा चिन्हांत उतरवण्याचं किचकट काम केलं. क्रोनेबर्गनी कोशाला जोडलेल्या टिपणांत कर्णबधिरांचा समाज आणि बोलीभेद मांडले, दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांत शिकलेल्या कृष्णवर्णीयांच्या खुणांसकट. हे नसतं तर तो नुसता तक्ता झाला असता, असं माझं मत आहे.

कोशात 55 चिन्हं होती: जागांची 12, हाताच्या आकारांची 19, हालचालींची 24. आणि खुणा इंग्रजी शब्दांच्या एबीसीडीनं लावलेल्या नव्हत्या, तर आधी जागा, मग आकार, मग हालचाल अशा. म्हणजे खूण दिसली पण अर्थ माहीत नाही, तरी ती शोधता येत होती.

हे तुकडे कागदावरचे नाहीत, डोक्यातही आहेत, हे 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात अर्सुला बेलुजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. शब्दांची यादी लक्षात ठेवताना ऐकू येणारे लोक ‘व्होट’च्या जागी ‘बोट’ लिहीत. तीच यादी खुणांमध्ये बघितलेले कर्णबधिर लोक ‘व्होट’च्या जागी ‘टी’, म्हणजे चहा, लिहीत. मतदानाचा आणि चहाचा संबंध काय? (आपल्याकडे असतो, ते सोडा.) त्या दोन खुणांत फक्त हालचालीचा फरक आहे.

स्टोकींचं सगळं टिकलं नाही. तळव्याची दिशा नंतर जोडावी लागली. तिन्ही गोष्टी एकदम घडतात यावर त्यांचा भर होता. लिडेल आणि जॉन्सन यांनी 1989 साली दाखवलं की खुणेच्या आतही आधी-नंतर असा क्रम असतो.

भारतात हे काम मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू केलं: दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर. वसिष्ठ इथेच जन्मलेले, लहानपणी ऐकू येणं गेलेले, पुढे गॅलॉडेटला शिकलेले. शहरागणिक शब्द वेगळे सापडले, पण खाली व्यवस्था एकच.

आपल्याकडचे बहुतेक कोश मात्र आजही इंग्रजी किंवा हिंदी शब्दावरूनच उघडतात. मुलानं वर्गात एखादी नवी खूण बघितली, तर ती शोधायला त्याला आधी तिचा इंग्रजी अर्थ माहीत हवा! मी सध्या मुंबईतल्या खुणांची एक छोटी यादी उलट्या बाजूनं लावतेय. पहिल्याच पानावर अडलेय: आधी जागा घ्यायची, स्टोकींसारखी, की 1992च्या ब्रिटिश कोशासारखा आधी हाताचा आकार? माझ्या कर्णबधिर शिक्षिकेला विचारलं. त्यांनी माझा हात धरून दोन बोटं खाली सरकवला. मी प्रश्नच चुकीच्या जागी केला होता.