नकाशात कर्जत कधी आलं?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर धावपट्टी १० वरून उड्डाण करायचं, नाक थोडं डावीकडे वळवून होकायंत्र ९० अंशांवर धरायचं आणि सरळ पूर्वेला जात राहायचं. सव्वाशे किलोमीटरच्या आतच कर्जत येतं. हे रायगडातलं, मुंबई-पुणे रेल्वेवरचं कर्जत नव्हे. हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, भीमेकाठच्या दुष्काळी पट्ट्यातलं कर्जत. सेसना १७२ सारख्या छोट्या विमानाला तिथवर पस्तीसेक मिनिटं पुरतात. वाटेत मुळा-मुठा दिसते, मग भीमेची वळणं. उजव्या अंगाला दौंडचं जंक्शन आणि त्यापुढे सिद्धटेक मागे पडतं, आणि हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला उजनीचं फुगवट्याचं पाणी चकाकतं.

आज हा प्रवास घरच्या संगणकावर करता येतो. तो शक्य व्हायला चाळीस वर्षं लागली. फ्लाइट सिम्युलेटरांची तुलना करताना विमानं किती, विमानतळ किती, चित्र किती हुबेहूब, हे बहुतेक सगळे मोजतात. त्याहून खरी कसोटी वेगळी आहे. जिथे कोणतीही प्रसिद्ध इमारत नाही, मोठा विमानतळ नाही, अशा तालुक्याच्या गावावर विमान आणलं तर खाली काय दिसतं?

सुरुवातीला काहीच दिसत नव्हतं, कारण खाली जमीनच नव्हती. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविकने उड्डाणाचं दृश्य संगणकावर उभं करण्याचा विषय १९७५ च्या प्रबंधात हाताळला आणि १९७७ मध्ये सबलॉजिक ही कंपनी काढली. दोन-तीन वर्षांत ॲपल टू या घरगुती संगणकासाठी त्याचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर आला. नुसत्या रेषांची जमीन, रेषांचेच डोंगर आणि खाली मोजके काटे. १९८२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने आर्टविककडूनच आयबीएम पीसीसाठी फ्लाइट सिम्युलेटर घेतला. त्यात शिकागो, सिॲटल, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क-बॉस्टन एवढेच प्रदेश होते. विमान उभं असायचं ते शिकागोच्या सरोवराकाठच्या मेग्ज फील्डवर. एखादा संगणक आयबीएमशी खरोखर जुळतो का, हे तपासायला दुकानदार लोटस १-२-३ हा आकडेमोडीचा प्रोग्रॅम आणि हा सिम्युलेटर चालवून पाहत. दोन्ही चालले की यंत्र पास.

ब्रिटनमध्ये त्याच सुमारास सायनने सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी फ्लाइट सिम्युलेशन आणला. ४८ किलोबाइट स्मृतीत दोन धावपट्ट्या, तळी, टेकड्या, दिशादर्शक बीकन आणि एक नकाशा. हा प्रदेश खऱ्या जगातला नव्हता, सगळा कल्पनेतला. कार्यक्रम कॅसेटवरून लोड व्हायचा आणि टेपरेकॉर्डरचा आवाज थोडा कमी-जास्त झाला की पुन्हा पहिल्यापासून. स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून विकली. घरच्या टीव्हीला जोडायच्या या यंत्रावर भारतातल्या अनेक मुलांनी पहिल्यांदा संगणक हाताळला. डिजिटल इंटिग्रेशनचा फायटर पायलट हा सायनचा प्रतिस्पर्धी. त्यात एफ-१५ होतं, लढाई होती. सायनच्या सिम्युलेटरमध्ये शत्रू नव्हता. विमान नीट उतरवणं हेच त्यातलं आव्हान. या दोघांमध्ये जी फारकत पडली, ती पुढे या साऱ्या व्यवसायात टिकली.

नव्वदच्या दशकात स्पर्धा खरी पेटली. लुकिंग ग्लासच्या फ्लाइट अनलिमिटेडने १९९५ मध्ये हवाई कसरतींवर भर दिला. १९९७ च्या दुसऱ्या भागाने एकट्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसराची हवाई छायाचित्रं जमिनीवर पसरली. प्रदेश छोटा, पण ओळखता येईल असा. १९९९ मध्ये टर्मिनल रिॲलिटीचा फ्लाय! आला. त्यात विमानं पाचच होती, पण कॉकपिटमधली बटणं माऊसने खरीखुरी दाबता यायची. मायक्रोसॉफ्टने उलटी वाट धरली: सगळी पृथ्वी द्यायची, मग ती ढोबळ का असेना. त्यांच्या फ्लाइट सिम्युलेटर २००० मध्ये वीस हजारांवर विमानतळ होते. बाजाराने ढोबळ पृथ्वीलाच कौल दिला. फ्लाय! आणि फ्लाइट अनलिमिटेड दोन्ही काही वर्षांत थांबले. कारण समजण्यासारखं आहे. परक्या शहराची सुंदर छायाचित्रं चार दिवस पाहून होतात, पण आपल्या गावावरून जायची ओढ संपत नाही.

याच काळात महाराष्ट्रात संगणक तालुक्यापर्यंत पोचला. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएल या संस्थेच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमामुळे गावोगावी केंद्रं उघडली. उड्डाणाच्या शतकपूर्तीनिमित्त २००३ मध्ये आलेला फ्लाइट सिम्युलेटर २००४ चार सीडींवर मावायचा आणि ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवरही चालायचा. त्यात राइट बंधूंच्या विमानापासून डीसी-३ पर्यंत जुनी विमानं होती. त्याची पुढची, २००६ ची आवृत्ती, म्हणजे एफएसएक्स, देखणा होता, पण भारी: जवळपास १५ गिगाबाइट जागा खायचा आणि त्या काळच्या चांगल्या यंत्रालाही घाम फोडायचा. ग्रामीण महाराष्ट्रात ती भारनियमनाची वर्षं. उड्डाण अर्ध्यात असताना वीज जाणं हा तिथला नित्याचा अनुभव.

तर एफएसएक्समध्ये कर्जतवर काय दिसायचं? जमिनीचा प्रकार साधारण किलोमीटरभराच्या चौकटीने ठरलेला असायचा आणि त्यावर शेताचं, झुडपांचं किंवा वस्तीचं साठवणीतलं चित्र चिकटवलेलं. कर्जतजवळच्या रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं. म्हणजे अशा जाळीत त्याच्या वाट्याला दोन-तीन चौकटी. माळ आणि ज्वारीचं रान यांतला फरक तिथे उतरणं शक्यच नव्हतं. उंचीचंही तसंच. उंचीचे बिंदू विरळ असले की याच जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा उतार होऊन जातो. ही उणीव अवकाशातून भरून निघाली. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली. त्यातून नव्वद मीटर अंतराचे बिंदू सर्वांना खुले झाले आणि हौशी मंडळींनी त्यांवरून सह्याद्रीला धार आणली.

ही माहिती सगळ्यांत मनापासून वापरली ती दोघांनी. एक एक्स-प्लेन. ऑस्टिन मायरने १९९५ पासून वाढवलेल्या या सिम्युलेटरचं वैशिष्ट्य जमिनीपेक्षा हवेत होतं. मायक्रोसॉफ्टकडे विमानाचं वागणं तयार कोष्टकांतल्या आकड्यांवर चाले. एक्स-प्लेन पंखांचे आणि पंख्याच्या पात्यांचे लहान तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यावर हवेचा जोर किती हे क्षणोक्षणी काढतो आणि त्याची बेरीज करतो. विमानाचा आकार बदला, उड्डाण आपोआप बदलतं. २०११ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतले. हा नकाशा जगभरचे स्वयंसेवक काढतात. त्यामुळे कर्जत-राशीन रस्ता सिम्युलेटरमध्ये येणं हे कोणा स्वयंसेवकाने तो रेखला की नाही, यावर अवलंबून राहिलं. घरं मात्र अमेरिकी उपनगरातली वाटायची. दुसरा फ्लाइटगिअर. १९९६ मध्ये मांडलेली ही कल्पना पूर्णपणे फुकट आणि खुली, कोणीही उघडून दुरुस्त करावी अशी.

कर्जत पर्जन्यछायेत येतं, आणि तिथलं हवामान ही सिम्युलेटरांची खरी परीक्षा होती. जुने सिम्युलेटर विमानतळांवरून येणाऱ्या मेटार निरीक्षणांवर आभाळ बांधत. मधल्या गावांना जवळच्या केंद्रांचं आभाळ उसनं मिळे. आषाढात पुण्यात रिपरिप चालू असताना कर्जतचा शेतकरी ढगांकडे बघत बसलेला असतो, हे त्या गणिताला कळणार कसं? एफएसएक्समधले ऋतूही चार: वसंत, उन्हाळा, पानगळ, हिवाळा. त्यात मृगाचा पाऊस बसत नव्हता.

जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला सिम्युलेटर बनवणारा एसेस स्टुडिओ बंद केला आणि दशकभर मैदान एक्स-प्लेनला जवळपास मोकळं राहिलं. मग १८ ऑगस्ट २०२० रोजी फ्रान्सच्या असोबोने घडवलेला नवा फ्लाइट सिम्युलेटर आला. बिंगची उपग्रहचित्रं, त्यांवरून संगणकाने ओळखून उभारलेली घरं-झाडं, ३७,००० विमानतळ आणि स्वित्झर्लंडच्या मेटिओब्लूचं हवामान. ते एकेका केंद्राच्या निरीक्षणापेक्षा साऱ्या वातावरणाच्या गणितावर चालतं. आता पर्जन्यछाया उमटायला निदान जागा झाली. चुकाही नव्या जातीच्या होत्या. ओपनस्ट्रीटमॅपवर कोणाच्या हातून २ ऐवजी २१२ मजले टाइप झाले आणि मेलबर्नच्या उपनगरात आभाळात घुसलेला सुळका उभा राहिला.

कर्जतवरून पाहताना सर्वांत मोठी भर हीच: बांध, विहिरी, वस्त्या, उसाचे हिरवे पट्टे जिथल्या तिथे. पण चित्र ज्या महिन्यातलं, तोच महिना बारमाही. ऑक्टोबरची हिरवळ टिपलेली असेल तर एप्रिलमध्येही तालुका हिरवाच. या बाबतीत २०२२ चं एक्स-प्लेन १२ पुढे गेलं, कारण त्याने ऋतू आणले. मायक्रोसॉफ्टने ते १९ नोव्हेंबर २०२४ च्या आवृत्तीत दिले.

त्या आवृत्तीत आणखी एक बदल झाला. २०२० चा सिम्युलेटर युरोपात दहा डीव्हीडींच्या खोक्यात विकला गेला होता आणि दीडशे गिगाबाइट जागा मागत होता. २०२४ च्या आवृत्तीत बहुतेक पृथ्वी उड्डाणादरम्यान इंटरनेटवरून येते. प्रकाशनाच्याच दिवशी सर्व्हर कोलमडले आणि जगभरचे लोक पडद्याकडे बघत बसले. जिथे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवावं लागतं, तिथे हा हिशेब महत्त्वाचा ठरतो. एक्स-प्लेन आणि फ्लाइटगिअरमध्ये जमीन आधी उतरवून घेता येते आणि मग ते इंटरनेटशिवाय चालतात. भीमेपलीकडे बारामतीत वैमानिक प्रशिक्षण चालतं, आणि तिथे जायची इच्छा असलेल्या मुलांसाठी हे सांगायला हवं. व्यावसायिक परवान्याच्या २०० तासांत घरच्या सिम्युलेटरचा एकही तास धरला जात नाही. हवाई वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीए मोजते ते मान्यताप्राप्त सिम्युलेटरवरचे तास, तेही उपकरणांवरच्या उड्डाणाच्या ४० पैकी जास्तीत जास्त २०. घरी शिकायचं ते काटे वाचणं, रेडिओची भाषा, वाऱ्याचा हिशेब. त्यासाठी जुन्या लॅपटॉपवरचं फुकटचं फ्लाइटगिअर पुरतं.