चांदीसाठी वितळवलेले सिनेमे आणि सात पुस्तकं

आजचा भाग ब्रिटिश सिनेमावरच्या पुस्तकांचा. आता तुम्ही म्हणाल, सगळं फोनवर दिसत असताना पुस्तकं कशाला? त्याचं उत्तर सेसिल हेपवर्थच्या गोष्टीत आहे.

लंडनजवळ वॉल्टन-ऑन-टेम्सला या माणसाचा स्टुडिओ होता. १९०५ साली त्याने ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ काढला. पळवून नेलेलं बाळ घरचा कुत्रा शोधून काढतो, एवढीच काही मिनिटांची गोष्ट. कुत्रा एका शॉटमधून बाहेर पडतो, पुढच्या शॉटमध्ये येतो, आणि आपल्याला सगळा रस्ता कळतो. आज हे साधं वाटतं, पण तेव्हा ही भाषाच नवी होती. प्रिंट्सना मागणी इतकी की निगेटिव्ह झिजली आणि अख्खा सिनेमा परत शूट करावा लागला. तोही दोनदा!

१९१२ मध्ये आपले दादासाहेब फाळके लंडनला गेले तेव्हा याच हेपवर्थला भेटले, त्याचा स्टुडिओ पाहिला. येताना विल्यमसन कॅमेरा घेतला. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला.

आणि १९२४ मध्ये हेपवर्थची कंपनी बुडाली. देणी भागवायला त्याच्या निगेटिव्ह वितळवून त्यातली चांदी विकली गेली. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला शब्द येतो तो बॅकअप. इथे तो नव्हताच.

तो बॅकअप, जमेल तेवढा, पुढे पुस्तकांनी केला. व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांची मुलगी रेचल लो. रॉजर मॅनव्हेलसोबत तिने लिहिलेला ‘द हिस्टरी ऑफ द ब्रिटिश फिल्म’चा पहिला खंड १९४८ मध्ये आला, आणि शेवटचा १९८५ मध्ये. म्हणजे ३७ वर्षं, सात खंड, आणि काळ १८९६ ते १९३९.

यात नुसती सिनेमांची यादी नाही. पैसा कुणी घातला, थिएटरं कशी चालली, कायद्याने काय केलं, सगळं आहे. १९२७ च्या कायद्याने थिएटरांना ठरावीक वाटा ब्रिटिश सिनेमे दाखवणं सक्तीचं केलं. मग काय, कोटा भरायला स्वस्तात, घाईघाईत सिनेमे निघाले. त्यांना नावच पडलं ‘कोटा क्विकी’.

ब्रिटन आणि सिनेमा यांचं जमतच नाही, अशी शंका फ्रान्सच्या त्रुफोने हिचकॉकशी बोलताना काढली होती. त्यावर वाद घालायचा, तर आधी काय बनलं होतं ते माहीत हवं ना?

जाता जाता एक. लोच्या पहिल्या खंडामागचं संशोधन ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या एका समितीचं होतं. तिचा अध्यक्ष कोण? सेसिल हेपवर्थ. निगेटिव्ह गेल्या होत्या, पण माणूस होता, आणि कुणीतरी वेळेत लिहून घेतलं.

भेटू पुढच्या भागात!