होमकमिंग
होमकमिंग : अमेरिकी विद्यापीठांत दर शरद ऋतूत माजी विद्यार्थ्यांसाठी भरणारा सोहळा, येथे वर्णन आहे ते टस्कलूसाच्या अलाबामा विद्यापीठातल्या सोहळ्याचे. आदल्या रात्री ‘क्वाड’ या मधल्या हिरवळीवर होळीएवढी शेकोटी, सामन्याच्या दिवशी बँडसह मिरवणूक, मग अमेरिकी फुटबॉल. सोहळ्याची ‘राणी’ विद्यार्थी मतदानाने निवडतात.  नोव्हेंबर १९७३ मध्ये टेरी पॉइंट्स ही येथली पहिली कृष्णवर्णीय राणी झाली आणि तिला मुकुट घातला गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी. त्या क्षणाचे मोल समजायला मागचे ठाऊक हवे : ११ जून १९६३ रोजी व्हिव्हियन मलोन व जेम्स हूड या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला हेच वॉलेस याच विद्यापीठाच्या फॉस्टर सभागृहाच्या दारात उभे राहिले होते. दोघांना प्रवेश त्याच दिवशी मिळाला.