टाइमशेअर पॉइंट-सदस्यत्व : डिस्ने व्हेकेशन क्लब

टाइमशेअर पॉइंट-सदस्यत्व : सुट्टीतल्या मुक्कामाचा हक्क अनेक वर्षांसाठी आगाऊ विकत घेण्याची पद्धत. जुन्या टाइमशेअरमध्ये ग्राहकाच्या वाट्याला एका रिसॉर्टमधला वर्षातला एक आठवडा येई. पॉइंट-पद्धतीत त्याच्या खात्यावर दरवर्षी ठरावीक पॉइंट जमा होतात आणि ते खर्चून तो सोयीच्या तारखांना, हव्या त्या आकाराची खोली घेतो. वॉल्ट डिस्ने कंपनीने १९९१ साली फ्लॉरिडातल्या ऑरलँडोजवळ सुरू केलेला डिस्ने व्हेकेशन क्लब हे या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण. त्याचे नियम लेखी व ठळक आहेत आणि सभासदांनी विकायला काढलेल्या पॉइंटांचा बाजारही मोठा आहे. त्यामुळे खरेदीचा निर्णय कसा घ्यावा हे या क्लबवरून नीट समजते.

सभासद विकत घेतो तो एका विशिष्ट रिसॉर्टमधला मुदतबंद हिस्सा. त्या रिसॉर्टला त्याचे होम रिसॉर्ट म्हणतात. मुदत संपली की हक्क संपतो आणि मालमत्ता डिस्नेकडे परत जाते. बोर्डवॉक आणि बीच क्लब येथील करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात, सॅराटोगा स्प्रिंग्जचे २०५४ मध्ये, रिव्हिएराचे २०७० मध्ये. हे घर नव्हे, भाडेपट्टा आहे आणि वर्षागणिक तो आखूड होत जातो. विक्रेत्याच्या बोलण्यात ‘मालकी’ हा शब्द वारंवार येतो, म्हणून ग्राहकाने ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात घ्यावी.

होम रिसॉर्टमध्ये आरक्षण ११ महिने आधी करता येते, क्लबच्या इतर रिसॉर्टांत ७ महिने आधी. चार महिन्यांचा हा फरक फार मोलाचा आहे. नाताळच्या सुट्टीत किंवा लहान रिसॉर्टमधल्या स्वस्त खोल्यांसाठी सात महिन्यांच्या टप्प्यावर बहुधा काही उरलेले नसते. ‘कुठलेही पॉइंट घ्या, कुठेही राहा’ हा सल्ला म्हणूनच अर्धाच खरा. जिथे वारंवार राहायला आवडेल तेच रिसॉर्ट घ्यावे. मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या कुटुंबाने तर हा नियम मोडूच नये.

एका रात्रीला किती पॉइंट लागतील हे खोलीचा आकार, खिडकीतून दिसणारे दृश्य, हंगाम आणि वार यांवर ठरते. शुक्रवार-शनिवारच्या रात्री सहसा महाग असतात. कंपनी हा तक्ता बदलू शकते, पण एका रिसॉर्टच्या वर्षभराच्या पॉइंटांची बेरीज तिला वाढवता येत नाही. एक रात्र महागली तर दुसरी स्वस्त करावी लागते. सभासदाचे वर्ष, म्हणजे यूज इयर, करारात ठरलेल्या महिन्यापासून मोजतात. न वापरलेले पॉइंट त्यातल्या पहिल्या आठ महिन्यांतच पुढच्या वर्षात टाकता येतात, तसेच पुढच्या वर्षाचे पॉइंट आधी उचलताही येतात. पुढे टाकलेले पॉइंट मात्र पुन्हा पुढे टाकता येत नाहीत.

खरेदीच्या वाटा दोन : थेट कंपनीकडून किंवा रीसेलमधून, म्हणजे आधीच्या सभासदाकडून. रीसेलचा दर बहुतेक वेळा बराच कमी असतो, पण त्यासोबत बंधने येतात. एप्रिल २०१६ पासूनच्या रीसेल खरेदीदारांना सभासदांच्या सवलती व डिस्नेच्या क्रूझसारखे पर्याय मिळत नाहीत. १९ जानेवारी २०१९ नंतर रीसेलमध्ये जुन्या चौदा रिसॉर्टांपैकी एखाद्याचे पॉइंट घेणाऱ्याला रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टांत ते वापरता येत नाहीत. आणि रिव्हिएराचे पॉइंट रीसेलमध्ये घेणाऱ्याला ते फक्त रिव्हिएरातच खर्चावे लागतात. या शेवटच्या बंधनाचा फटका आज रिव्हिएरा थेट खरेदी करणाऱ्यालाही बसतो, कारण उद्या तो विकायला निघेल तेव्हा गिऱ्हाइकाला बांधलेला हक्कच मिळणार. शिवाय प्रत्येक रीसेल व्यवहारात त्याच किमतीला तो करार स्वतः घेण्याचा पहिला हक्क डिस्नेकडे असतो. तो वापरायचा की नाही हे ठरवायला तिला ३० दिवस मिळतात, तोवर खरेदीदाराने थांबायचे. करारातले पॉइंट आधीच्या सभासदाने उचलून संपवले आहेत का, हेही कागदावर पाहून घ्यावे. रिकामा करार स्वस्त दिसतो, पण पहिली एक-दोन वर्षे उपयोगाचा नसतो.

किमतीचा हिशोब करताना नुसता पॉइंटचा भाव पाहू नये. समजा, १६ वर्षे उरलेला करार रीसेलमध्ये पॉइंटमागे १०० डॉलरला मिळतो : वर्षाला ६.२५ डॉलर. ४४ वर्षांचा नवा करार थेट २२० डॉलरला मिळतो : वर्षाला ५ डॉलर. दुसरा स्वस्त वाटतो. पण १५० पॉइंटांसाठी पहिल्यात १५,००० डॉलर गुंतवावे लागतात, दुसऱ्यात ३३,०००. आणि पन्नाशीतल्या माणसाला चव्वेचाळीस वर्षांचा हिशोब कशासाठी हवा? यावर दरवर्षीचे ड्यूज म्हणजे देखभाल शुल्क असते. पॉइंटमागे ते ९ डॉलर धरले तर १५० पॉइंटांचे १,३५० डॉलर होतात. सहलीला जा वा न जा, ते भरावेच लागतात आणि काळाबरोबर वाढत जातात. टाइमशेअरचा खरा बोजा हाच आहे. कर्ज काढून पॉइंट घेतले तर व्याजात सगळी बचत जाते. रोख देता येत नसेल तर ही खरेदी करूच नये. महाराष्ट्रात राहून रुपयात कमावणाऱ्याला हे ड्यूज डॉलरमध्ये भरावे लागतील, म्हणजे रुपया घसरला की शुल्क न वाढताही खर्च वाढेल.

तिसरी वाट फारशी कोणी सुचवत नाही : पॉइंट विकत न घेता एखाद्या सभासदाकडून भाड्याने घ्यावेत. त्याच खोल्या मिळतात, ड्यूजचा भार अंगावर पडत नाही. तारखा बदलण्याची मोकळीक मात्र कमी असते. दोन-तीन सहली अशा करून पाहिल्यावर आपण खरोखर परत परत जाणार आहोत का, किती पॉइंट पुरतात, कोणते रिसॉर्ट मनात भरते, हे कळते. मगच खरेदी करणे शहाणपणाचे. सहलीच्या उत्साहात, विक्रेत्यासमोर बसून केलेल्या सहीपेक्षा ही वाट कितीतरी बरी.

सही होऊन गेलीच तर फ्लॉरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत करार रद्द करता येतो आणि हा हक्क सोडून देण्याची अट करारात घातली तरी ती चालत नाही. युरोपीय संघात ही मुदत १४ दिवसांची आहे. भारतात १९९६ साली सुरू झालेल्या क्लब महिंद्राच्या परिचित सदस्यत्वात २५ वर्षे दरवर्षी सात दिवस मिळतात, हंगामांना रंगांची नावे आहेत आणि वार्षिक शुल्क इथेही वेगळे भरावे लागते. मात्र भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही; तक्रार न्यावी लागते ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली. म्हणून येथील ग्राहकाने पैसे भरण्याआधी रद्द करण्याची मुदत, परताव्याची रक्कम आणि वार्षिक शुल्कवाढीचा नियम या तिन्ही गोष्टी करारात लेखी आहेत का, हे स्वतः वाचून पाहावे. तोंडी आश्वासनावर सही करू नये.