शिक्षणखंड, सेवाकार्यासाठीचा (चंद्रपूर–गडचिरोली)

पदवीचे शिक्षण ठरावीक काळ थांबवून एखाद्या संस्थेत किंवा प्रकल्पात काम करण्यासाठी विद्यार्थ्याने घेतलेली रजा. विद्यार्थी तिला ‘गॅप’ म्हणतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत अशा कामाची ठिकाणे नावाजलेली आहेत, पण कॉलेजच्या वेळापत्रकात त्यासाठी जागा थोडी. त्यामुळे इथले उपक्रम बहुधा सुट्टी पाहून आखले गेले. बाबा आमटे यांनी सोमनाथ (ता. मूल) येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात भरते. परीक्षा आटोपून आलेली मुले सकाळी कुदळ-फावडे हाती घेतात, नंतर व्याख्याने ऐकतात. रजेचा अर्ज लागत नाही. गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राममध्ये 2006 साली सुरू झालेल्या ‘निर्माण’ या युवा उपक्रमाची शिबिरेही काही दिवसांचीच असतात.

शिक्षण सोडून आलेल्यांचा दाखला निराळा. बाबांचे पुत्र प्रकाश आमटे नागपूरला शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट टाकून हेमलकशाला आले. तिथला लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर 1973 मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांनी आंदोलनासाठी विद्यार्थ्यांकडे कॉलेजचे एक वर्ष मागितले. ती मागणी वर्षापुरती होती; हेमलकशाला जाताना मात्र प्रकाश आमटे यांचे परतीचे दोर कापलेले होते. वर्षभर काम करून पुन्हा वर्गात बसू इच्छिणाऱ्याने ते दोर शाबूत ठेवावेत, आणि त्यात कमीपणा काही नाही.

सत्र पद्धतीत एक सत्र चुकले, की त्याच विषयांचे सत्र बहुधा वर्षाने येते. म्हणून खंड पूर्ण वर्षाचा घेणे सोयीचे. चालू सत्र संपवून निघावे, मध्येच निघाल्यास हजेरीअभावी परीक्षेचा अर्ज अडतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारच्या पदवी आराखड्यात ठरलेल्या टप्प्यावर बाहेर पडून तीन वर्षांच्या आत परतता येते. पदवी मात्र सात वर्षांत पुरी व्हावी लागते. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र हवे असेल तर उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमही करावा लागतो.

अर्ज प्राचार्यांच्या नावे करावा. त्यात कामाचे ठिकाण, सुरुवातीची व परतीची तारीख, सोबत संस्थेचे पत्र आणि पालकाची सही. विभागप्रमुखांची शिफारस घेऊन तो आवक टेबलावर द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. तोंडी ‘हो’वर विसंबून गेलेल्याला परतल्यावर नव्या बाबूसमोर पहिल्यापासून सांगत बसावे लागते. पुढच्या प्रवेशासाठी खंडाचे शपथपत्र मागतात. त्याला संस्थेचे अनुभव प्रमाणपत्र जोडले, तर वर्ष कुठे गेले हा प्रश्न उरत नाही.

ही रजा सर्वांना सारखी परवडत नाही. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहातली जागा शिकत असलेल्याच विद्यार्थ्याची असते आणि शिष्यवृत्तीच्या काही योजना खंडावर बोट ठेवतात. म्हणून एटापल्ली–भामरागडच्या मुलीने निघण्याआधी गृहपालांना व शिष्यवृत्ती पाहणाऱ्या लिपिकाला लेखी विचारावे. शिवाय उन्हाळी परीक्षेच्या दिवसांतच तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. भल्या पहाटे जंगलात जाऊन पाने खुडायची, दुपारी घरी पुडे बांधायचे, सायंकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. घरच्या वर्षाच्या रोकडीचा मोठा वाटा यातूनच येतो. शहरातून सेवाकार्याला आलेल्या मुलाच्या रजेला जी सवलत मिळते, ती या मुलीच्या गैरहजेरीलाही मिळायला हवी.