उपायाआधीची सेवा

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला पुन्हा उभे करण्याची आशा आता दाताशी जोडली गेली आहे. 2000 साली अमेरिकेतील संशोधकांनी अक्कलदाढेच्या गाभ्यातून मूलपेशी वेगळ्या केल्या आणि 2003 साली लहान मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतही त्या सापडल्या. 2012 मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातील गटाने मज्जारज्जू पूर्ण छेदलेल्या उंदरांत या पेशी सोडल्या, तेव्हा त्यांच्या मागच्या पायांत काही हालचाल परतली. हे काम मोलाचे आहे. पण त्याचे फळ उद्या झाडावरून किंवा विहिरीत पडून लुळ्या झालेल्या वऱ्हाडातील शेतमजुराच्या हाती पडायचे असेल, तर आज काय उभे असायला हवे? अमरावतीच्या इतिहासात याचे स्पष्ट उत्तर आहे. सेवा ही उपायाची पूर्वतयारी असते. उपाय सापडेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून तिच्याकडे पाहणे चूक आहे.

पूर्णेच्या काठी ऋणमोचनच्या पौषातल्या यात्रेत शेंडगावचे गाडगेबाबा अंध, पांगळे आणि महारोगी यांना जेवू घालत. तो आधार यात्रेपुरता होता, पण ज्यांना गाव वेशीबाहेर ठेवत असे त्यांना त्याने पंगतीत बसवले. 1946 साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीजवळ तपोवनात जगदंबा कुष्ठधाम उभारले आणि असा आधार बारमाही झाला. कुष्ठरोग्यांना तेथे औषधाबरोबर घर आणि काम मिळाले. त्या वेळी कुष्ठरोगावरचा जुना इलाज चालमोगऱ्याच्या तेलाचा होता आणि डॅप्सोन नुकतेच वापरात येत होते. अनेक औषधे एकत्र देण्याची खात्रीची पद्धत त्यानंतर साडेतीन दशकांनी, 1980च्या दशकात रुळली. पटवर्धन त्या दिवसाची वाट पाहत थांबले नाहीत.

यावर आक्षेप असा येईल की कुष्ठरोग जंतूने होतो आणि मज्जारज्जूची इजा आघाताने, मग दोन्हींची सांगड कशी घालायची? दोन्हींत हानी नसांची, चेतातंतूंची असते, हे त्याचे उत्तर. औषधाने कुष्ठरोगाचे जंतू मरतात, पण झिजलेली बोटे परत येत नाहीत आणि मेलेली संवेदना सहसा जागी होत नाही. म्हणून बधिर पायाची जखम जपणे, वाकडा हात कामाला लावणे आणि माणसाला समाजात स्थान देणे ही कामे औषधानंतरही उरली. मज्जारज्जूच्या रुग्णाचा इतिहासही हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण दगावत, ते मुख्यतः शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने. 1944 मध्ये इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशयाची निगा आणि व्यायाम यांचा आग्रह धरला, आणि तुटलेला मज्जारज्जू न जोडताही माणसे जगू लागली. उद्या दातातील पेशींनी मज्जारज्जू जुळलाच, तरी सांधे आखडलेले, मूत्रपिंडे निकामी आणि पाठ व्रणांनी पोखरलेली असेल, तर त्या शरीराला तो कसा वापरता येणार?

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे: असे बोलून आपण खाटेवरच्या माणसाची आशा हिरावतो. पण खोट्या आशेची किंमत त्याच्याच घराला मोजावी लागते. नागोयातील उंदरांना पेशी इजेच्या वेळीच दिल्या होत्या. वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या माणसाची अवस्था वेगळी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतील रक्ताखेरीज इतर ऊती साठवणाऱ्या पेढ्यांना परवानगी दिलेली नाही, आणि दाताचा गाभाही त्यातच मोडतो. तेव्हा मुलाचे दात साठवण्यासाठी किंवा सिद्ध न झालेल्या इंजेक्शनांसाठी शेत विकायला लावणे हा अन्याय आहे. रीतसर, रुग्णाकडून पैसे न घेता होणाऱ्या चाचण्यांना मात्र पूर्ण पाठिंबा हवा. अशा चाचण्यांनाही प्रकृती सांभाळलेले, नियमित तपासणीला येऊ शकणारे रुग्णच लागतात. म्हणून अकोला आणि अमरावतीच्या सरकारी रुग्णालयांत मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी प्रशिक्षित परिचारिका, फिजिओथेरपी, चाकाची खुर्ची आणि घरी गेल्यावरही सुरू राहणारी देखरेख मागणे ही विज्ञानाच्या बाजूचीच मागणी आहे. तपोवन ज्या वऱ्हाडात उभे राहिले, त्याने ती सर्वांत आधी करावी.