प्लगइन नावाचा पेइंग गेस्ट

मॅकवर संगीत करणाऱ्या मंडळींमध्ये एक अलिखित नियम आहे. नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली की अपडेटच्या बटणाकडे निदान काही महिने बघायचंसुद्धा नाही. बाकीचं जग नवे आयकॉन बघून हरखलेलं असतं, तेव्हा हे लोक "कृपया इतक्यात अपडेट करू नका" छापाच्या सूचना वाचत बसलेले असतात. बाहेरून बघणाऱ्याला हा भित्रेपणा वाटेल. पण त्यामागे पंचवीसेक वर्षांचा इतिहास आहे, आणि कोड लिहून पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना तो जरा जास्तच ओळखीचा वाटेल.

सुरुवात हॅम्बुर्गमध्ये होते. तिथल्या स्टाइनबर्ग कंपनीने (स्थापना १९८४) १९९६ साली आपल्या क्यूबेस या सॉफ्टवेअरसोबत व्हीएसटी, म्हणजे व्हर्च्युअल स्टुडिओ टेक्नॉलॉजी, आणलं. त्याआधी आवाजाला घुमारा द्यायचा किंवा एको द्यायचा तर स्टुडिओत त्या त्या कामाची लोखंडी खोकी लागायची. आता तेच काम सॉफ्टवेअरचा एक छोटा तुकडा करू लागला. स्टाइनबर्गचा खरा शहाणपणा मात्र पुढे आहे. त्यांनी हे तुकडे बनवण्याचं एसडीके बाहेरच्या लोकांना देऊन टाकलं. १९९९ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि इफेक्टच नव्हे, तर अख्खी वाद्यंसुद्धा प्लगइन म्हणून येऊ लागली. बघता बघता एकेकट्या प्रोग्रामरने घरी बसून बनवलेले सिंथेसायझर जगभर वाजू लागले.

आता थोडं तांत्रिक, कारण सगळी गोम इथेच आहे.

सेकंदाला ४४,१०० नमुने या हिशोबाने आवाज तयार होतो. समजा १२८ नमुन्यांचा बफर ठेवला, तर प्रत्येक बफर भरायला साधारण २.९ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळ्या ट्रॅकवरच्या सगळ्या प्लगइन्सचं गणित संपलं पाहिजे, नाहीतर स्पीकरमधून 'टक्' असा आवाज येतो. १९९६ च्या मशीनवर हे साधायचं, तर प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवून निरोप पाठवत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून प्लगइनला मुख्य सॉफ्टवेअरच्या पोटातच, त्याच प्रोसेसमध्ये, लोड करायचं ठरलं. मुख्य सॉफ्टवेअरला या धंद्यात 'होस्ट' म्हणतात, म्हणजे यजमान. मग प्लगइन झाला पेइंग गेस्ट. स्वयंपाकघर एक, बाथरूम एक. पाहुण्याने गॅस चालू ठेवला तर घर मालकाचं जळणार! (प्लगइन क्रॅश झाला की अख्खं गाणं बंद पडतं ते यामुळेच.) आणि एक जाचक अट: घरात एकच भाषा चालणार. ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये ३२ बिटचा कोड लोड होत नाही. एका प्रोसेसरसाठी बनलेला कोड दुसऱ्या प्रोसेसरच्या कोडबरोबर नांदत नाही.

आणि इमारतीची मालकी तिसऱ्याचीच, म्हणजे अॅपलची. या तिघांमध्ये मिळून कधीच करार झालेला नाही.

२००१ मध्ये मॅक ओएस एक्स आलं आणि पहिला धक्का बसला. जुने प्लगइन नव्याने कंपाइल केल्याशिवाय चालेनात. शिवाय अॅपलने स्वतःचं ऑडिओ युनिट नावाचं वेगळंच स्टँडर्ड आणलं. जुलै २००२ मध्ये अॅपलने लॉजिक बनवणारी इमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली. लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद झाली आणि ओएस एक्सवरच्या लॉजिकमध्ये व्हीएसटीला जागाच राहिली नाही. २००६ मध्ये पॉवरपीसी जाऊन इंटेल आलं. रोझेटा नावाचा दुभाषा जुनी अॅप्लिकेशन चालवायचा खरा, पण इंटेलसाठी बनलेल्या होस्टमध्ये जुना प्लगइन नेऊन बसवणं त्याला शक्य नव्हतं. तो पूर्ण घराचं भाषांतर करायचा, एका खोलीचं नाही.

२००७ ची गोष्ट मला सगळ्यात क्रूर वाटते. कार्बन ही जुन्या धाटणीची लायब्ररी ६४ बिटमध्ये मिळणार असं अॅपलने आधी सांगितलेलं होतं. जूनमधल्या डेव्हलपर परिषदेच्या सुमारास ते रद्द झालं. बहुतेक प्लगइन्सच्या खिडक्या, बटणं, नॉब सगळं कार्बनमध्ये होतं. म्हणजे ६४ बिटला जायचं तर नुसतं रिकंपाइल नाही, अख्खा चेहरा कोकोआमध्ये पुन्हा लिहा. मोठ्या कंपन्यांनी लिहिला. एकट्या माणसाने फावल्या वेळात केलेले प्लगइन तिथेच थांबले.

त्यांचं मरण लगेच झालं नाही एवढंच. लॉजिक ९ मध्ये ३२ बिटच्या प्लगइनसाठी पूल होता. २०१३ मध्ये लॉजिक प्रो एक्स आणि प्रो टूल्स ११ दोन्ही फक्त ६४ बिटचे झाले, तेव्हा साउंड रॅडिक्स कंपनीने '३२ लाइव्ज' नावाची युक्ती काढली: जुना प्लगइन वेगळ्या ३२ बिट प्रोसेसमध्ये चालवायचा आणि होस्टला त्याचा ६४ बिटचा मुखवटा दाखवायचा. बघा, १९९६ मध्ये जे परवडत नव्हतं ते आता परवडू लागलं होतं.

मग ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटालिना आलं. आता ३२ बिट प्रोसेस चालणारच नाही, वेगळ्या घरातसुद्धा नाही. पूल, मुखवटे, सगळं एका फटक्यात गेलं. इशारे २०१८ पासून मिळत होते, हे अॅपलच्या बाजूने सांगायला हवं. पण ज्या प्लगइनचा कर्ताच धंदा सोडून गेलाय त्याला इशारा देऊन काय उपयोग? वर नोटरायझेशन आलं: अॅपलकडून तपासून घेतलेला शिक्का नसेल तर नवा प्लगइन उघडायला सिस्टीम कुरकुर करणार. त्याच वेळी आयट्यून्स मोडून त्याचे वेगवेगळे अॅप झाले, आणि आयट्यून्सची एक्सएमएल फाइल वाचून गाण्यांची यादी दाखवणारी डीजे सॉफ्टवेअर्स तोंडघशी पडली. त्यांनी तर ३२ बिटचं काहीच बिघडवलं नव्हतं. :)

२०२० मध्ये एम१ आला तेव्हा अॅपलने थोडं बरं वागून दाखवलं. रोझेटा २ बरोबर ऑडिओ युनिट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायची सोय आली, त्यामुळे नव्या चिपवरच्या लॉजिकमध्ये जुने इंटेल ऑडिओ युनिट चालू शकले. व्हीएसटीवाल्यांना हे सुख नव्हतं. त्यांना पूर्ण होस्टच रोझेटाखाली चालवावा लागे. आणि मार्च २०२२ मधल्या क्यूबेस १२ ने नव्या चिपवर नेटिव्ह चालताना व्हीएसटी २ घेणंच बंद केलं. म्हणजे ज्यांनी हे स्टँडर्ड जन्माला घातलं त्यांनीच!

हे सगळं अटळ होतं का? मला नाही वाटत. ६४ बिटच्या विंडोज ११ वर ३२ बिटचे प्रोग्राम अजून चालतात. रीपरसारखा होस्ट जुने प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये आपणहून चालवतो. सिंथएडिटमध्ये हौशी लोकांनी बनवलेले फुकट प्लगइन तिथे अजून वाजतात. मायक्रोसॉफ्टला आपण मागासलेपणाबद्दल शिव्या देतो, पण हा त्यांचा निव्वळ चांगुलपणा आहे (आणि कॉर्पोरेट गिऱ्हाइकांची भीती, असो).

यात बुडतं काय, तर गाणी. प्रोजेक्ट फाइलमध्ये सिंथेसायझरचा आवाज नसतो. कुठले सूर कधी वाजवायचे हे असतं, आणि प्लगइनने 'ही माझी सेटिंग' म्हणून होस्टच्या हवाली केलेला बाइट्सचा एक गठ्ठा. त्या गठ्ठ्याचा अर्थ फक्त त्या प्लगइनला कळतो. तो गेला की गठ्ठा नुसता भंगार. १९८८ च्या स्टँडर्डची मिडी फाइल आजही उघडते, १९९१ ची वेव्ह फाइलसुद्धा. तंबोऱ्याच्या तारा बदलून जवारी काढून घेतली की तो पुन्हा बोलतो. २००८ साली ३२ बिट सिंथेसायझरवर केलेलं गाणं मात्र आजच्या मॅकवर उघडलं की सूर सगळे जागच्या जागी दिसतात, वाजत काहीच नाही.

पुढची तारीखही ठरलेली आहे. जून २०२५ मध्ये अॅपलने जाहीर केलं की रोझेटा २ सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७ पर्यंतच राहील, नंतर काही जुन्या गेम्सपुरता. म्हणजे इंटेलचे जे प्लगइन कोणी नव्याने बांधणार नाही, त्यांचाही मुक्काम हलणार. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग अकादमीची प्रोड्यूसर्स अँड इंजिनिअर्स विंग काम सोपवताना प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून सलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवायला सांगते, प्लगइन लावलेला वेगळा आणि कोरा वेगळा. कंटाळवाणं काम आहे. मॅकओएस २८ यायच्या आत, जुने प्रोजेक्ट अजून उघडतायत तोवर, करून घ्या.